खेळ शिकवताना अभिप्राय कसा द्यावा: नव्याने मैदानावर उतरलेल्या प्रशिक्षकांसाठी

ठाण्यात किंवा नवी मुंबईत संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास कोणत्याही मैदानाच्या कडेला पाच मिनिटे उभे राहिले, तर खेळणाऱ्या मुलांपेक्षा शिकवणाऱ्या मोठ्यांचेच आवाज जास्त ऐकू येतात. "हात वर", "पाय हलव", "अरे, किती वेळा सांगायचं" असा मारा सतत चालू असतो, आणि तो करणारी माणसे बहुतेक वेळा पोटतिडकीने, पदरचा वेळ खर्चून शिकवत असतात. मंडळाचे जुने खेळाडू, शाळेत नव्याने रुजू झालेले क्रीडाशिक्षक आणि सोसायटीच्या आवारात जाळे बांधून मुलांना गोळा करणारे आईबाबा यांच्यासाठी हा लेख आहे. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारतीय महिलांनी एकदिवसीय विश्वचषक जिंकला, तेव्हापासून आपल्या मुलीला कुठे खेळायला घालावे अशी विचारणा माझ्याकडे अधिक होऊ लागली आहे, आणि शिकवायला हौशी माणसेही पुढे येत आहेत. खेळाचे नियम आणि सरावाचे प्रकार त्यांनी शिकून घेतलेले असतात. पण मुलाने एखादी कृती केल्यावर त्याला काय, कधी, किती आणि कोणत्या शब्दांत सांगायचे, हे त्यांना कोणी शिकवलेले नसते. त्या सांगण्याला आपण अभिप्राय म्हणू. शिक्षणशास्त्राच्या मराठी पुस्तकांत त्यासाठी 'प्रत्याभरण' असा शब्द आहे आणि मैदानावर सगळे 'फीडबॅक' म्हणतात.

मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते आणि संध्याकाळी कळव्यात मुलामुलींना कबड्डी शिकवते. सुरुवातीची दोन-तीन वर्षे मीही प्रत्येक चढाईत कडेने सूचना देत असे, आणि सरावात त्याचा परिणाम इतका चांगला दिसे की आपले बरोबरच चालले आहे अशी माझी खात्री होती. मग एका आंतरशालेय सामन्यात माझा सर्वांत चपळ चढाईपटू विरोधी अंगणात, निदान रेषेच्या (चढाईत जी ओलांडावी लागते त्या रेषेच्या) अगदी जवळ असताना, मान वळवून माझ्याकडे पाहू लागला. मी काय सांगते याची तो वाट पाहत होता. तेवढ्यात उजव्या कोपऱ्यातल्या रक्षकाने त्याचा घोटा धरला आणि चढाई संपली. दोष त्या मुलाचा नव्हता. माझ्या आवाजाशिवाय चढाई कशी करायची हे मी त्याला कधी शिकवलेच नव्हते. त्या दिवसानंतर मी या विषयावरचे वाचन सुरू केले आणि हळूहळू माझी पद्धत बदलली. पुढे जे सांगते आहे ते, मैदानावर ज्या क्रमाने उपयोगी पडते, साधारण त्याच क्रमाने मांडले आहे.

अभिप्राय मुळात कुठून येतो

आपण काही बोलण्याआधीच खेळाडूला त्याच्या कृतीची खबर मिळालेली असते. बॅडमिंटनचे शटल रॅकेटच्या मधोमध लागले की टणक, मोकळा आवाज येतो. कडेला लागले की आवाज बोदा येतो आणि मनगटाला हलका हिसका जाणवतो. चेंडू कुठे पडला हे डोळ्यांना दिसते, पायाचा तोल गेला हे स्नायूंना कळते. हा अंगभूत अभिप्राय. प्रशिक्षकाचे बोलणे, स्टॉपवॉचवरचा आकडा, मोबाइलवरचे चित्रीकरण हा वरून मिळणारा, म्हणजे बाह्य अभिप्राय. नवशिक्या मुलाची अडचण अशी असते की अंगभूत अभिप्राय त्याला मिळत असतो, पण त्याचा अर्थ लावता येत नाही. बोदा आवाज आला म्हणजे काय चुकले हे त्याला ठाऊक नसते. हा अर्थ लावायला मदत करणे एवढेच बाह्य अभिप्रायाचे काम आहे, आणि खालच्या सगळ्या पायऱ्या त्याच एका कामासाठी आहेत.

बाह्य अभिप्राय किती प्रभावी असतो, याचा अभ्यास जुना आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक यांनी १९२७ मध्ये डोळे बांधलेल्या लोकांना ठरावीक लांबीच्या रेघा काढायला लावल्या. ज्यांना 'बरोबर' किंवा 'चूक' एवढेच सांगितले, त्यांच्या रेघा सुधारल्या. ज्यांना काहीच सांगितले नाही, ते शेकडो रेघा काढूनही होते तिथेच राहिले. पुढे १९३२ मध्ये ट्रोब्रिज आणि केसन यांनी तीन इंचांच्या रेघेचा तसाच प्रयोग केला आणि त्यात आणखी एक गोष्ट दिसली: 'बरोबर-चूक' ऐकणाऱ्यांपेक्षा, रेघ नेमकी किती लांब किंवा आखूड झाली हे ज्यांना सांगितले, ते कितीतरी पुढे गेले. नुसता सराव पुरत नाही आणि मोघम शेराही पुरत नाही, हे या दोन प्रयोगांतून नव्या प्रशिक्षकाने घ्यावे. डोळे बांधलेल्या माणसाला मात्र रेघ दिसत नव्हती. आपल्या मैदानावरच्या मुलाला बरेच काही दिसते, हा फरकही लक्षात ठेवावा, कारण त्यावर पुढचे बरेच अवलंबून आहे.

पहिली पायरी: बोलण्याआधी काय पाहायचे ते ठरवणे

सरावाला उभे राहण्यापूर्वी, आज या मुलाच्या कृतीतली कोणती एक गोष्ट पाहणार आहोत, हे मनाशी ठरवावे. शक्य असल्यास वहीत लिहावे. मुलगा गोलंदाजी करत असेल तर धाव, उडी, पुढचा पाय, खांदा, मनगट आणि चेंडूचा टप्पा असे सगळेच दिसत असते, आणि त्यातल्या चार गोष्टी एकाच दमात सांगितल्या तर पुढच्या चेंडूला तो एकही करू शकत नाही. जिच्यामुळे बाकीच्या दोन-तीन चुका होत आहेत ती चूक आधी शोधावी. धावच दर वेळी वेगळी असेल, तर मनगटाविषयी बोलण्यात अर्थ नाही. आणि पहिल्या प्रयत्नावर लगेच मत देऊ नये. निदान पाच-सहा वेळा तीच चूक होते का ते पाहावे. एकदा झालेली चूक अपघात असू शकते.

उभे कुठे राहायचे हेही ठरवावे लागते. चढाईत पाय किती लांब जातो हे बाजूने दिसते, मागून दिसत नाही. भटकंती करत शिकवणारा प्रशिक्षक अर्ध्या गोष्टी चुकीच्या कोनातून पाहतो.

दुसरी पायरी: थांबणे आणि आधी विचारणे

नव्या प्रशिक्षकाला सर्वांत जड जाणारी ही पायरी आहे. मुलाने कृती पूर्ण केली की चार-पाच सेकंद काहीही बोलू नये. या काही सेकंदांत मुलगा स्वतःच्या अंगाला नुकतेच काय जाणवले ते तपासत असतो, आणि आपण ताबडतोब बोललो तर ती तपासणी अर्ध्यावर तुटते. १९९० मध्ये स्विनन, श्मिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच मुद्दा प्रयोगशाळेत तपासला. कृती संपताक्षणी निकाल ऐकणाऱ्यांपेक्षा, थोड्या सेकंदांनी ऐकणाऱ्यांनी नंतरच्या चाचणीत चांगली कामगिरी केली. आणि मधल्या वेळात ज्यांना स्वतःच्या चुकीचा अंदाज करायला लावले होते, त्यांना त्याचा विशेष फायदा झाला.

मैदानावर याचे रूप साधे आहे. मुलीने सर्व्हिस केली; आपण थांबलो; मग विचारले, "कशी वाटली?" सुरुवातीला उत्तर येते, "चांगली" किंवा "माहीत नाही, मॅडम". तेव्हा प्रश्न बारीक करावा: "जाळ्याच्या किती वरून गेली असेल? एक वीत, की हातभर?" मुलीला आता काहीतरी ठरवून सांगावेच लागते, आणि पुढच्या सर्व्हिसला ती आपोआप जाळ्याच्या वर नजर ठेवते. तिचा अंदाज आणि आपल्याला दिसलेले जुळले तर फार बोलण्याची गरज नाही. जुळले नाही तरच सांगावे. हा प्रश्न परीक्षेसारखा विचारू नये. आवाजात धाक आला की मुले आपल्याला हवे ते उत्तर देतात.

तिसरी पायरी: निकाल सांगायचा की कृती

बाह्य अभिप्रायाचे दोन मोठे प्रकार आहेत. कृतीचा परिणाम काय झाला हे सांगणे म्हणजे निकालाचा अभिप्राय: "चेंडू यष्टीच्या बाहेर गेला", "पन्नास मीटरला नऊ सेकंद लागले". कृती कशी झाली हे सांगणे म्हणजे कृतीचा अभिप्राय: "चेंडू सोडताना पुढचा गुडघा वाकला". कोणता प्रकार कधी वापरायचा यासाठी मी एकच कसोटी लावते: मुलाला जे स्वतःला दिसते ते सांगू नये, दिसत नाही ते सांगावे. बास्केटबॉल रिंगमधून गेला नाही हे त्याला दिसले आहे. "नाही गेला" असे आपण म्हणणे निव्वळ जखमेवर मीठ आहे. धावण्याची वेळ मात्र त्याला स्टॉपवॉचशिवाय कळत नाही, म्हणून तिथे निकाल सांगणे मोलाचे ठरते. पोहण्यात आपलीच कोपरे पाण्याबाहेर कशी येतात हे पोहणाऱ्याला दिसत नाही, म्हणून तिथे कृतीचा अभिप्राय लागतो.

कबड्डीतल्या बोनस गुणाचे उदाहरण मला यासाठी सर्वांत चांगले वाटते. निदान रेषेपलीकडे एक मीटरवर बोनस रेषा असते. समोर किमान सहा रक्षक असताना, चढाई करणाऱ्याचा एक पाय त्या रेषेपलीकडे टेकला आणि त्याच वेळी मागचा पाय हवेत असला, तरच बोनस मिळतो. नव्या मुलाची नजर समोरच्या रक्षकांवर असते, आणि मागचा पाय उचलला आहे असे त्याला मनापासून वाटत असते. प्रत्यक्षात त्याचा अंगठा जमिनीला घासत आलेला असतो. आपण कितीही वेळा "पाय उचलला नाहीस" म्हटले तरी त्याला ते पटत नाही, कारण त्याच्या अंगाची साक्ष वेगळी असते.

आमचे मैदान मातीचे आहे, आणि याचे उत्तर मला त्या मातीनेच दिले. सरावाआधी बोनस रेषेच्या अलीकडे-पलीकडे हातभर पट्टा पाणी शिंपडून, झाडू मारून सारखा केला. मुलगा चढाई करून परत आला की त्याला घेऊन त्या पट्ट्याशी जायचे आणि दोघांनी वाकून पाहायचे. पुढच्या पायाचा ठसा रेषेपलीकडे चार बोटे, स्वच्छ उमटलेला. आणि त्याच्या मागे, जिथे काहीच नसायला हवे, तिथे अंगठ्याने ओढलेली बारीक चरी. तो मुलगा बराच वेळ त्या चरीकडे पाहत राहिला. नंतर प्रत्येक चढाईनंतर तो स्वतःच जाऊन माती पाहू लागला, आणि त्याच आठवड्यात चरी आखूड होत होत नाहीशी झाली. मी त्या काळात पायाविषयी जवळजवळ काहीच बोलले नाही. मॅटवर खेळणाऱ्यांना ही सोय नाही. त्यांनी जमिनीलगत मोबाइल ठेवून चित्रीकरण करावे किंवा मागच्या पायाच्या वाटेत सुतळीचा तुकडा टाकून तो हलतो का ते पाहावे. मात्र पाय अडकून घसरेल अशी कोणतीही टणक वस्तू मैदानात ठेवू नये.

चौथी पायरी: शब्द निवडणे

"खांदा पडतोय" हे वर्णन झाले. "खांदा वर ठेवून चेंडू सोड" ही सूचना झाली. नुकत्याच शिकू लागलेल्या मुलाला वर्णनावरून उपाय काढता येत नाही, म्हणून त्याला सूचना द्यावी. दोन-तीन वर्षे खेळलेल्याला मात्र वर्णनच पुरते, आणि उपाय त्याने स्वतः शोधलेला अधिक टिकतो.

याहून महत्त्वाचा भेद लक्ष कुठे जाते याचा आहे. "मनगट सैल ठेव, कोपर पोटाशी धर" असे म्हटले की मुलाचे लक्ष स्वतःच्या अवयवांकडे वळते. "शटल जाळ्याला घासून जाऊ दे" म्हटले की लक्ष परिणामाकडे जाते. गॅब्रिएल वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये स्कीइंगच्या सरावयंत्रावर हा फरक तपासला: ज्यांना पायांनी दाब देण्यावर लक्ष ठेवायला सांगितले, त्यांच्यापेक्षा यंत्राच्या चाकांवर दाब देण्यावर लक्ष ठेवणारे चांगले शिकले. चाके त्यांच्या पायांखालीच होती. सांगण्यातला फरक एका शब्दाचा होता. २००२ मध्ये व्हॉलीबॉलची सर्व्हिस आणि फुटबॉलचा पास यांवरही त्यांना तसेच आढळले. कारण असे सांगितले जाते की, अवयवांवर जाणीवपूर्वक ताबा ठेवू पाहिले की आपोआप होणाऱ्या हालचाली आखडतात. चालताना आपण प्रत्येक पावलाचा विचार करू लागलो तर चाल बिघडते, तसेच हे आहे.

म्हणून माझा सल्ला असा की, मनात आलेली प्रत्येक अवयवाची सूचना बोलण्यापूर्वी एकदा वस्तूच्या किंवा जागेच्या भाषेत करून पाहावी. "गुडघे वाकव" ऐवजी "जमिनीला ढकलून उडी मार". "हात सरळ ठेव" ऐवजी "भाला त्या नारळाच्या शेंड्याकडे जाऊ दे". "कंबर खाली" ऐवजी "रक्षकाच्या पोटाच्या पातळीवरून बघ". प्रत्येक वेळी असे वाक्य सुचेलच असे नाही, आणि जिथे दुखापतीचा धोका आहे, उदाहरणार्थ घोटा पकडताना मान कुठे असावी, तिथे अवयवाचे नाव घेऊन स्पष्टच सांगावे. पण एरवी हा प्रयत्न सोडू नये.

शटलच्या सर्व्हिसची सोय तर अगदी स्वस्तात होते. बॅडमिंटनचे जाळे मध्यभागी १.५२४ मीटर उंच असते. त्याच्या वीतभर वर, दोन्ही खांबांना बांधून एक दोरी ताणावी आणि मुलांना सांगावे की आखूड सर्व्हिस या फटीतून जायला हवी आणि पलीकडच्या सर्व्हिस रेषेच्या जवळ पडायला हवी. ती रेषा जाळ्यापासून १.९८ मीटरवर असते. ही दोरी लावल्यापासून माझे बोलणे निम्म्यावर आले. एकच जपावे लागते: फटीच्या नादात मुले शटल छातीशी नेऊन मारू लागतात. २०१८ पासूनच्या नियमाप्रमाणे सर्व्हिस करताना संपूर्ण शटल जमिनीपासून १.१५ मीटरच्या खाली असावे लागते, आणि हे मुलाला स्वतःला दिसत नाही. भिंतीवर त्या उंचीला खडूची खूण करून ठेवावी.

पाचवी पायरी: किती सांगायचे आणि कधी थांबायचे

नव्या प्रशिक्षकाला वाटते की जितके जास्त सांगू तितके मूल लवकर शिकेल. सरावाच्या वेळेपुरते हे खरेच दिसते, आणि त्यातच फसगत आहे. १९८४ मध्ये साल्मोनी, श्मिट आणि वॉल्टर यांनी तोवरच्या प्रयोगांचा आढावा घेऊन दाखवले की, सतत मिळणारा अभिप्राय कुबडीसारखा काम करतो: ती असेपर्यंत चाल सुधारलेली दिसते, काढली की माणूस अडखळतो, कारण त्याने स्वतःच्या पायांवर भार टाकलेलाच नसतो. १९९० मध्ये विन्स्टाइन आणि श्मिट यांनी एका गटाला प्रत्येक प्रयत्नानंतर निकाल सांगितला आणि दुसऱ्याला सुरुवातीला जास्त, मग कमी करत सरासरी निम्म्याच वेळा सांगितला. सरावात दोन्ही गट सारखेच दिसले. नंतर काहीही न सांगता चाचणी घेतली, तेव्हा कमी ऐकलेला गट पुढे होता. माझ्या त्या चढाईपटूने मान का वळवली, याचे उत्तर मला हे वाचताना मिळाले.

यात एक सावधगिरी आहे. हे प्रयोग हाताच्या साध्या हालचालींवर झाले होते. पोल व्हॉल्ट, जिम्नॅस्टिक्समधली कोलांटी किंवा पोहण्याचा पूर्ण स्ट्रोक यांसारख्या गुंतागुंतीच्या कृती शिकताना सुरुवातीला वारंवार अभिप्राय लागतो, आणि तिथे घाईने गप्प बसणे चुकीचे ठरेल. कौशल्य बसू लागले की मग कमी करावे.

कमी करण्याच्या चार पद्धती मी वापरते. पहिली, विरळ करत जाणे: पहिल्या आठवड्यात दोन प्रयत्नांमागे एकदा, तिसऱ्या आठवड्यात पाचांमागे एकदा. दुसरी, मर्यादा आखणे: सर्व्हिस फटीतून गेली किंवा चार बोटांनी चुकली तर काहीच बोलायचे नाही, त्याहून जास्त चुकली तरच बोलायचे. मुलांना ही मर्यादा आधी सांगून ठेवावी, म्हणजे आपली शांतता हीच त्यांच्यासाठी 'बरोबर आहे' अशी खूण होते. न सांगता गप्प राहिलो तर मुलांना वाटते की मॅडम रागावल्या. तिसरी, एकत्र सांगणे: दहा प्रयत्न होऊ द्यावेत आणि मग, "दहापैकी सहा डावीकडे गेले, आणि ते सगळे घाईत मारलेले होते," एवढे एक वाक्य सांगावे. या तिसऱ्या पद्धतीत प्रशिक्षकालाही खरे पाहावे लागते, म्हणून मला ती आवडते.

चौथी पद्धत म्हणजे मुलाने मागितल्यावरच सांगणे. यावर १९९० च्या दशकापासून बरेच प्रयोग झाले. त्यांतल्या काहींत लोक फार थोड्या वेळा अभिप्राय मागत आणि तरीही चांगले शिकत. अलीकडच्या फेरतपासण्यांत हा फायदा आधी वाटला होता त्यापेक्षा बराच लहान निघाला आहे, म्हणून मी तिला जादू म्हणणार नाही. तरी ती मी ठेवली आहे, कारण मूल कधी विचारते ते पाहण्यासारखे असते. बहुतेक मुले प्रयत्न चांगला झाला असे वाटल्यावर विचारतात: "मॅडम, आता बरोबर होतं ना?" शिकाऊ माणसे अशीच वागतात हे चिव्हियाकोव्स्की आणि वुल्फ यांनी २००२ मध्ये नोंदवले आहे, आणि चांगल्या प्रयत्नांनंतर अभिप्राय मिळालेले लोक पुढे अधिक चांगले शिकतात असे त्यांच्या २००७ च्या प्रयोगात दिसले. आपण मात्र सवयीने फक्त चुकल्यावर तोंड उघडतो.

कौतुक आणि रागावणे

"शाब्बास" हा शब्द सढळ हाताने वापरावा, पण त्याच्यापुढे कारण जोडावे. "शाब्बास, या वेळी मागचा पाय सुटला" यात माहिती आहे आणि मायाही आहे. नुसत्या "मस्त, मस्त" मधून मुलाला काय पुन्हा करायचे ते कळत नाही, आणि चुकीच्या कृतीला दिलेले खोटे कौतुक तर मुले लगेच ओळखतात.

अमेरिकेतील बास्केटबॉलचे थोर प्रशिक्षक जॉन वूडन यांचे पंधरा सराव १९७४-७५ च्या हंगामात थार्प आणि गॅलिमोर या दोन मानसशास्त्रज्ञांनी कडेला बसून नोंदवले. त्यांच्या २,३२६ बोलण्या-कृतींची वर्गवारी झाली, तेव्हा सुमारे तीन चतुर्थांशांत काय करायचे आणि कसे करायचे याची माहिती होती. निव्वळ कौतुक आणि निव्वळ रागावणे हे प्रत्येकी साधारण सात टक्के होते. वाक्ये छोटी असत, चूक दाखवून लगेच योग्य कृती करून दाखवली जाई आणि खेळ पुढे सुरू होई.

अभिप्राय चुकीच्या जागी लागला तर नुकसानही करतो. क्लुगर आणि डेनिसी यांनी १९९६ मध्ये शेकडो प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र केले, तेव्हा अभिप्रायाने सरासरी सुधारणा झाली असली तरी एक तृतीयांशाहून अधिक वेळा कामगिरी उलट घसरली होती. लक्ष कामावरून उडून स्वतःच्या लायकीवर गेले की असे होते, असे त्यांनी म्हटले. "तू नेहमीच असा करतोस", "तुझा भाऊ बघ कसा खेळायचा" ही वाक्ये नेमकी तिथेच नेतात. इतर मुलांसमोर बोलणे शक्यतो कृतीपुरते ठेवावे, आणि वागणुकीविषयी काही बोलायचे असेल तर मुलाला बाजूला घेऊन बोलावे. बारा-तेरा वर्षांची मुलगी सर्वांसमोर झालेल्या एका अपमानामुळे मैदान कायमचे सोडून जाते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

मोबाइलचे चित्रीकरण

हल्ली हातातल्या मोबाइलवर संथ गतीचे चित्रीकरण होते आणि ते फार उपयोगी आहे, पण नवशिक्या मुलाला नुसते चित्रीकरण दाखवले तर तो स्वतःचे केस, कपडे आणि चेहरा पाहतो. त्याला आधी सांगावे: "फक्त मागचा पाय बघ." दहा-पंधरा सेकंदांचा एकच तुकडा दाखवावा, दोनदा, आणि लगेच त्याला पुन्हा कृती करायला पाठवावे. अर्धा सराव पडद्याभोवती घोळका करण्यात जाऊ देऊ नये. मुलांचे चित्रीकरण करण्याआधी पालकांची परवानगी घ्यावी, ते ग्रुपवर टाकू नये आणि काम झाल्यावर पुसून टाकावे.

सामन्याच्या दिवशी

सामना ही शिकवण्याची जागा नाही. त्या दिवशी नवीन काही सांगू नये. मध्यंतरात फार तर एक वाक्य, तेही मुलाला आधीपासून ठाऊक असलेले. पालकांशी हंगामाच्या सुरुवातीलाच बोलून ठेवावे की कडेने प्रोत्साहन द्यावे, सूचना देऊ नयेत. दोन बाजूंनी दोन आवाज आले की मूल कोणाचेच ऐकत नाही, आणि समोरचा खेळ पाहायचे राहून जाते.

शिकले की नाही, हे कसे तपासायचे

सरावाच्या शेवटी दिसणारी सुधारणा मी मोजत नाही, कारण त्यात माझे बोलणे मिसळलेले असते. आठवड्याच्या पहिल्या दिवशी, अंग गरम झाल्यावर आणि मी एकही सूचना देण्यापूर्वी, प्रत्येक मुलाला दहा प्रयत्न करायला लावते आणि किती साधले ते वहीत लिहिते. दोरी काढलेली असते, माती झाडलेली नसते, मी कडेला बसलेली असते.

सर्व्हिस शिकणाऱ्या एका सातवीतल्या मुलीचे आकडे पहिल्या चार आठवड्यांत तीन, तीन, पाच, चार असे होते. आईला काळजी वाटू लागली होती, कारण रोजच्या सरावात ती दहापैकी आठ सर्व्हिस करायची. पाचव्या आठवड्यापासून मी मर्यादा आखून बोलणे निम्म्याहून कमी केले, तेव्हा सरावातले आकडे आधी थोडे उतरले. आठव्या सोमवारी तिने दहापैकी सात सर्व्हिस साधल्या. आठवी जाळ्यात अडकली तेव्हा मी वहीत फुली मारत होते. तिने शटल उचलले, माझ्याकडे न पाहता स्वतःशीच म्हणाली, "घाई केली," आणि नववीसाठी रेषेमागे जाऊन उभी राहिली.